बॉस्टनच्या सीपोर्टमधला हिवाळा: कपड्यांच्या या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून बॉस्टनला शिकायला येणाऱ्यांच्या बॅगेत एक जाडजूड लोकरी स्वेटर हमखास असतो, बहुतेकदा आईने हौसेने घेतलेला. स्वेटर चांगलाच असतो. पण जानेवारीत साऊथ स्टेशनला उतरून समर स्ट्रीटच्या पुलावरून सीपोर्ट या बंदरालगतच्या भागाकडे चालू लागलं, की बंदरावरचा वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. आपण थंडीचा बंदोबस्त करतो आणि वाऱ्याला विसरतो.

ॲपवर उणे ५ अंश दिसतं. त्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे १३ इतकं झोंबतं. त्यामुळे निघताना वाऱ्याचा आकडा आधी बघा. स्वेटर घालाच, पण त्यावर वारा अडवणारं, टोपीचं, मांड्या झाकणारं जाकीट हवं. कमरेपर्यंतच्या जाकिटात छाती ऊबदार राहते आणि जीन्समधल्या मांड्या मात्र बधिर होतात. आतून थर्मल घातलं तर फार फरक पडतो.

जाकीट घेताना आणखी एक गोष्ट हटकून चुकते. पिसं भरलेलं जाकीट हलकं आणि ऊबदार, म्हणून सगळे तेच घेतात. पण समुद्रकाठी बर्फाबरोबर पाऊसही मिसळतो. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात, त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेचीच असते. घरी बाहीवर चमचाभर पाणी ओतून बघा. थेंब घरंगळले तर ठीक. डाग पसरला, तर वरून रेनकोटसारखं काहीतरी लागेलच, किंवा कृत्रिम भरणाचं जाकीट घ्या.

अंगालगत सुती बनियन नको. ट्रेनच्या गरम डब्यात घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि बाहेर पडताच पाठ गारठते. गाडीत शिरतानाच जाकिटाची चेन उघडा.

एवढं करूनही पायांची बोटं गार पडतात? मोजे मोजून बघा. दोन जोड घालून पाय घट्ट बुटात कोंबला, की रक्त नीट फिरत नाही. एकच जाड लोकरी जोड आणि बोटं हलवता येतील एवढा मोठा बूट, हे जास्त चांगलं. हातांची बोटं बधिर होत असतील, तर पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या. बोटं पांढरी पडली तर चोळू नका. घरात येऊन काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा. तरीही बधिरपणा गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

फुटपाथवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. बुटांवर त्याच्या पांढऱ्या रेघा उठतात आणि चामडं तडकतं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्याच संध्याकाळी पुसून काढा. बूट हीटरला टेकवून वाळवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून दाराशी ठेवा. सकाळपर्यंत कोरडे होतात.