पावसाळ्यात सुप्त कासदाह तपासा, मगच ट्यूबला हात लावा

पावसाळ्यात गोठ्याची जमीन वाळत नाही आणि गाई-म्हशी शेणामातीच्या ओलीतच बसतात. कासेला संसर्ग होण्याचा धोका या दिवसांत वाढतो. कास सुजली, दुधात गाठी आल्या की दगडी, म्हणजे कासदाह, झाल्याचे कुणालाही कळते. त्याहून कितीतरी जास्त जनावरांत मात्र हा आजार सुप्त राहतो. कास मऊ, दूध पांढरेशुभ्र, चारा-पाणी नेहमीसारखे. दूध तेवढे हळूहळू घटत जाते आणि धार काढणाऱ्याच्या हातांवरून, फडक्यावरून किंवा यंत्रातून जंतू पुढच्या जनावरापर्यंत पोहोचतात.

हा लपलेला संसर्ग धार काढतानाच पकडता येतो. त्यासाठीची सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, स्वस्त आहे आणि घरच्या घरी करता येते. सड स्वच्छ पुसून पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात घ्या आणि गाठी दिसतात का ते पाहा. मग चार कप्प्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचे साधारण 2 ते 3 मिली दूध वेगवेगळे घ्या, तेवढेच सीएमटीचे द्रावण घाला आणि पॅडल दहाएक सेकंद गोल फिरवा. निकाल लगेच वाचा, कारण फिकट बदल थोड्या वेळात नाहीसा होतो. मिश्रण पाण्यासारखे पातळ राहिले तर सड ठीक. बुळबुळीत झाले किंवा जेलीसारखे जमले तर त्या सडात दाह आहे. द्रावण हाताशी नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरचे 3 टक्के द्रावण वापरूनही प्राथमिक अंदाज येतो.

संसर्ग झाला की शरीर कासेत पांढऱ्या पेशी पाठवते. द्रावण त्या पेशी फोडते आणि त्यांतल्या डीएनएमुळे दूध घट्ट होते. निरोगी सडाच्या दुधात दर मिलिलिटरला साधारण 1 लाखापेक्षा कमी पेशी असतात. गाईत 2 लाखांच्या वर गेल्या की संसर्ग धरतात. नुकत्याच व्यायलेल्या जनावराच्या चिकात आणि आटत आलेल्या दुधात पेशी एरवीही जास्त असतात, म्हणून त्या दिवसांतल्या निकालावर एकदम विसंबू नका.

आता सर्वात महत्त्वाचे. चाचणीत दोष दिसला म्हणून लगेच सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडू नका. चाचणी दाह दाखवते, जंतू कोणता ते सांगत नाही, आणि औषध ठरते जंतूवरून. स्ट्रेप्टोकॉकस अॅगॅलॅक्टी उपचाराला चांगला दाद देतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस जुना झाला की ट्यूबमागून ट्यूब सोडूनही बऱ्याचदा हटत नाही. ई. कोलायचा सौम्य संसर्ग पुष्कळदा शरीर स्वतःच निस्तरते. त्यामुळे प्रतिजैविक देण्याआधी सडाचे टोक 70 टक्के अल्कोहोलने पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. जंतू आणि त्यावर चालणारे औषध, दोन्ही तपासून मागा. सुप्त आजारात अहवालासाठी थांबायला हरकत नसते. कास गरम होऊन सुजली, दूध पाण्यासारखे झाले किंवा जनावराला ताप आला, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा.

दोषी जनावराची धार सर्वात शेवटी काढा. धारेनंतर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच चारा टाका. सडाचे छिद्र अर्धा-एक तास उघडे असते, तेवढा वेळ जनावर उभेच राहिले पाहिजे.

जनावर आटवताना, म्हणजे पुढच्या वेताआधी दूध काढणे बंद करताना, सगळ्यांना सरसकट ट्यूब सोडण्याची पद्धत आता बदलायला हवी. युरोपीय संघाने निव्वळ खबरदारी म्हणून सरसकट प्रतिजैविके देण्यावर जानेवारी 2022 पासून बंदी घातली आहे. आटवण्याआधी पेशींची नोंद आणि नमुन्याचा अहवाल पशुवैद्यकाला दाखवा. ज्यांच्यात संसर्ग आहे त्यांनाच प्रतिजैविक द्या. निरोगी जनावरांना सड बंद करणारे सीलंट पुरते. ते सोडताना सड अगदी निर्जंतुक असावा. औषध दिलेल्या जनावराचे दूध लेबलवरची मुदत संपेपर्यंत विकू नका आणि वासरालाही पाजू नका. व्याल्यानंतर आठवड्याने चारही सड पुन्हा तपासा.