‘ड्यून’ संपली, आता पुढचे भाग वाचायचे का?

फ्रँक हर्बर्ट यांची विज्ञानकादंबरी ‘ड्यून’ (१९६५) वाचून झाली की दुसऱ्या भागाआधी अर्धा तास तिच्याच शेवटच्या पानांना द्या. मागे परिशिष्टं आणि शब्दसूची आहे. बेने जेसेरिट (गूढ शक्ती असलेल्या स्त्रियांचा पंथ), गिल्ड (अंतराळप्रवास ताब्यात असलेला संघ), मेंटाट (संगणकासारखी बुद्धी असलेली माणसं), क्विसात्झ हादराख (बेने जेसेरिटना घडवायचा असलेला महामानव) एवढं पक्कं करा, कारण हर्बर्ट पुढे काही नव्याने समजावत बसत नाहीत.

मग ‘ड्यून मसाया’ (१९६९). बऱ्याच जणांचा हिरमोड इथेच होतो. पहिल्या भागात वाळवंट, लढाया, सूड. इथे १२ वर्षांनंतरचा नायक पॉल सम्राट झालेला, त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसं मेलेली, आणि बरंचसं पुस्तक बंद दालनांतल्या बोलण्यात जातं. सुरुवातीची कटवाल्यांची बैठक दोनदा वाचा. कोणाला काय हवंय ते तिथे निसटलं की पुढचं सगळं धूसर होतं. तारणहाराच्या मागे डोळे मिटून जाऊ नये, हे सांगायलाच हर्बर्टनी पॉल उभा केला. तसे इशारे पहिल्या भागातही आहेत, पण साहसाच्या भरात नजरेतून सुटतात. म्हणून याला स्वतंत्र कादंबरी न मानता पहिलीचा उत्तरार्ध माना. थरारात तो उणा पडतो खरा, पण त्याच्याशिवाय पॉलची गोष्ट अर्धीच राहते. शिवाय आकाराने बराच लहान आहे.

‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’ (१९७६) मध्यावर पसरट होते, शेवटी सावरते. इथे थांबलात तरी हरकत नाही.

खरा कस चौथ्या भागात. ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’ (१९८१) एकदम साडेतीन हजार वर्षं पुढे जाते. घटना थोड्या, संवाद फार. एका बैठकीत २५-३० पानंच घ्या. शंभर पानांनंतरही या भागातल्या सम्राटाच्या बोलण्यात रस वाटत नसेल तर खुशाल सोडा. तो पुढेही बोलतच राहतो! रंगलात, तर ‘हेरेटिक्स ऑफ ड्यून’ (१९८४) आणि ‘चॅप्टरहाउस: ड्यून’ (१९८५) लागोपाठ वाचा, मध्ये खंड पडला की नावांचा गोंधळ उडतो.

सहावा भाग अधांतरी सुटतो, कारण १९८६ मध्ये हर्बर्ट यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा ब्रायन आणि केविन जे. अँडरसन यांनी ‘हंटर्स ऑफ ड्यून’ (२००६) व ‘सँडवर्म्स ऑफ ड्यून’ (२००७) लिहून कथा मिटवली. त्या वेगवान आहेत, पण मूळचा गूढपणा त्यांत नाही. या जोडीच्या पूर्वकथाही आहेत. घटनाक्रम लावायच्या नादात त्यांच्यापासून सुरुवात केलीत, तर पहिल्या कादंबरीने जपून ठेवलेली गुपितं आधीच फुटतील.