जत्रा, मळा, गोवा: दारू घेणार असाल तर आधी हिशेब मांडा

खानापूरपासून निपाणीपर्यंत जत्रा, गटारी आणि मळ्यातलं मटण आलं की कुणीतरी बाटली काढतोच. आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. तेव्हा जो पीत नाही त्यानं ‘थोडी घेतली तर हृदयाला बरी’ म्हणून सुरू करू नये. जो घेतो, त्याच्यासाठी पुढचं.

आधी माप

व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये ते भरतं सुमारे १० ग्रॅम. म्हणजे ९० मिलीचं पाकीट तीन पेग आणि क्वार्टर सहा. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली चार पेगांच्या बरोबरीची आहे.

घरी किंवा मळ्यात मात्र पेग कोण मोजतो? सात सेंटिमीटर रुंद पेल्यात ‘दोन बोटं’ ओतली की शंभर मिलीच्या वर जाते. एका ओतण्यात तीन पेग, आणि माणूस म्हणतो, ‘एकच घेतला.’ म्हणून मापाचा पेला जवळ ठेवा आणि किती घ्यायची ते पहिल्या घोटाआधीच ठरवा. दोन घेतल्यावर केलेल्या हिशेबाला अर्थ नसतो.

मग घड्याळ

यकृत तासाला जेमतेम एक स्मॉल पेग निकामी करतं, काहींचं त्याहून कमी. रात्री अकराला क्वार्टर संपवून पहाटे पाचला भाजीची गाडी घेऊन बेळगावच्या मार्केटला निघालात, तर दारू अजून रक्तात असू शकते. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी ती उतरण्याचा वेग वाढत नाही. उलटी केली तरी रक्तात गेलेली तिथंच राहते.

आधी पोटभर जेवा, मध्ये मध्ये पाणी प्या.

किल्ली कुणाकडे?

गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा चोर्ला घाटाची भीती वाटते. गोव्यात स्वस्त म्हणून जास्त घेतात आणि धुक्यात, पावसात तीच वळणं चढून परत येतात. ‘आमच्यात त्यानंच कमी घेतलीय’ म्हणून एखाद्याच्या हाती गाडी देऊ नका. चालवणाऱ्यानं थेंबही घ्यायचा नाही. तसा कुणी नसेल तर तिथंच मुक्काम करा.

यांनी मुळीच नको

गरोदर बाई, कावीळ झालेला, फिट येणारा, झोपेच्या गोळ्या घेणारा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. निपाणी भागात तंबाखू घरोघरी, म्हणून हे ठासून सांगतो: तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त होतो. कर्नाटकात सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, २००७ पासून बंद आहे. चोरून मिळणाऱ्या हातभट्टीत मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीवही जातो.

कुणी आडवा झाला तर

‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडून जाऊ नका. पोटातली दारू रक्तात चढतच असते. त्याला कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि कुणीतरी जवळ बसा. हलवून, हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, तर लगेच १०८ लावा. घरचे रागावतील म्हणून थांबू नका.

रोज लागत असेल तर

सकाळी घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नसेल, तर देवाची शपथ घालून एका दिवसात सोडवू नका. अशा माणसाची दारू एकदम तुटली की फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, जीवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी ती सोडवता येते. जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर घरच्यांनीही फोन करावा.