पान दिसलं की आधी बघा, कुणाचं आहे

कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसागात राहायला येऊन मला सोळा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून नवी कुटुंबं येतात आणि घर, शाळा, बँक असं सगळं विचारतात. कॅनडाच्या झेंड्यावरच्या मेपलच्या पानाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. विमानाच्या शेपटीवर, सरकारी पत्रावर, हॉकीच्या जर्सीवर, सगळीकडे ते इतकं असतं की आठवडाभरात दिसेनासं होतं. ते दिसत राहायला हवं, कारण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे.

आधी कागदपत्रं. केंद्र सरकारच्या पत्रावर ‘कॅनडा’ हा शब्द छापलेला असतो आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावर छोटासा झेंडा असतो. सिन नंबर (नोकरीसाठी आणि करासाठी लागणारा क्रमांक), पीआर कार्ड (कायम रहिवासाचं ओळखपत्र), पासपोर्ट, इन्कम टॅक्स ही सगळी या पानाखालची कामं. हेल्थ कार्ड, गाडीचं लायसन्स, मुलांची शाळा हे प्रांताकडे, आणि ऑन्टारिओ प्रांताची खूण म्हणजे तीन पाकळ्यांचं ट्रिलियमचं फूल. ‘सर्व्हिस कॅनडा’ आणि ‘सर्व्हिस ऑन्टारिओ’ ही नावं ऐकायला सारखीच. पहिल्या जानेवारीत मी लेकीला कडेवर घेऊन, दोन बस बदलून हेल्थ कार्डासाठी नको त्या ऑफिसात जाऊन बसले होते. तुम्ही घरून निघण्याआधी काम पानाचं की फुलाचं, एवढं बघून घ्या.

आता त्याहून महत्त्वाचं. पान कुणालाही छापता येतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला, येऊन दोन महिने झाले नव्हते तोच, कर खात्याच्या नावाने फोन आला. पाठोपाठ ईमेलवर झेंडा छापलेली नोटीस. पैसे भरा नाहीतर अटक. घाबरून त्याने दुकानातून गिफ्ट कार्डं आणली, त्यांचे नंबर वाचून दाखवले आणि साठवलेले सगळे पैसे गेले. कर खातं गिफ्ट कार्डात पैसे कधीच मागत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या, सरकारी वेबसाइटवरून नंबर स्वतः शोधा आणि आपण होऊन फोन करा. लाज वाटून गप्प बसू नका, आमच्यापैकी कुणालाही रात्री अकराला उठवा.

दुकानात तर २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवल्यापासून किमतीच्या चिठ्ठ्यांवरही पानं आली. नुसत्या पानावर जाऊ नका, शेजारची अक्षरं वाचा. ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ लिहायचं तर वस्तूच्या उत्पादनाचा किमान ९८ टक्के खर्च इथे झालेला असावा लागतो; ‘मेड इन कॅनडा’साठी ५१ टक्के पुरतात. खाद्यपदार्थांचे नियम थोडे निराळे आहेत, तिथे ‘आयात केलेल्या घटकांपासून’ ही ओळ शोधा. आणि शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, ‘मेपल लीफ’ नावाची मोठी कंपनी प्रामुख्याने मांसाचे पदार्थ विकते.

टोरांटोच्या ‘मेपल लीफ्स’ या हॉकीच्या संघाला ‘लीफ्स’च म्हणायचं, ‘लीव्ह्ज’ नाही. १९६७ नंतर त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकलेला नाही. ऑफिसात हा विषय जपून काढा, लोकांना खरंच लागतं.

फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतात, माँट्रियलला नोकरी लागली तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आधी हे पान फ्रेंच भाषकांनी आपलं मानलं होतं. १८३४ मध्ये सेंट-जीन-बाप्टिस्ट सोसायटीने ते चिन्ह म्हणून घेतलं. तरी आज क्यूबेकमध्ये २४ जूनला, प्रांताच्या सणाला, त्यांचा निळा-पांढरा झेंडा ज्या उत्साहाने फडकतो, तो उत्साह तिथे १ जुलैला, कॅनडा दिनाला शोधू नका. भाषेवर जीव असणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

लाल-पांढरा झेंडा आपल्या आईवडिलांच्या वयाचा आहे. आधीच्या झेंड्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक होता. १९६४ मध्ये पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी तो बदलायचा घाट घातला, संसदेत महिनोन्महिने कडाक्याचे वाद झाले आणि १५ फेब्रुवारी १९६५ ला नवा झेंडा चढला. पानाला अकरा टोकं आहेत. प्रांत दहा आहेत, त्यामुळे मुलांनी विचारलं तर टोकांचा प्रांतांशी संबंध जोडू नका.

झेंड्याच्या कितीतरी आधीपासून हे पान कॅनडाच्या सैनिकांच्या थडग्यांवर कोरलं जात होतं. इटलीत ऑर्टोनाजवळ मोरो नदीच्या दफनभूमीत अशी पानांची थडगी रांगेने उभी आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्याच मोहिमेत आपली मराठा लाइट इन्फन्ट्री लढली. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथल्याच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. ११ नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, सकाळी अकराच्या आत गावातल्या स्मारकापाशी पोहोचा, कोटाला पॉपी, म्हणजे आठवणीचं लाल फूल लावा. आम्ही दरवर्षी जातो. शांतता संपली की मी लेकीला आधी पानाखालच्या मुलांबद्दल सांगते, मग घाडग्यांबद्दल.