दिवाळीत खूप खाल्लं गेलं? वजन कमी करण्याची गाडी परत रुळावर आणायची तर हे करा

भाऊबीज झाली, माहेरची जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहिलं तर आकडा दीड-दोन किलोने वर. चार महिने सांभाळून खाणाऱ्या माणसाचा तिथे धीर सुटतो आणि मग दोनपैकी एक काहीतरी होतं, एकतर "आता गेलंच सगळं, तर डबे संपेपर्यंत खाऊन घेऊ आणि एक तारखेपासून बघू", नाहीतर "आज दिवसभर काहीच नाही, फक्त गरम पाणी आणि लिंबू". कृपा करून दोन्ही करू नका. सणाला खाल्लं त्याने फारसं बिघडत नाही, बिघडतं ते त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि तेवढे आठवडे सांभाळायचे कसे त्यासाठीच हे सगळं लिहितेय.

आधी तो आकडा समजून घ्या. गोड आणि पिठाचं खाल्लं की शरीर त्यातली साखर ग्लायकोजेन म्हणून लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवतं आणि एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डाएटवर असताना हा साठा थोडा रिकामा असतो, तो दोन दिवसांत भरला की पाण्यासकट किलोभर सहज वाढतो. त्यात चिवडा, शेव, चकली यातलं मीठ अजून पाणी धरतं, पोटात न पचलेलं अन्न असतं त्याचं वजन वेगळंच, आणि बायकांना पाळी जवळ आली असेल तर त्याचं पाणी वेगळं. यातलं चरबी किती? हिशोब करून बघा. एक किलो चरबीला ढोबळमानाने 7700 कॅलरी धरतात. समजा तुमचं वजन 2000 कॅलरीवर स्थिर राहतं, तुम्ही डाएटमध्ये 1600 खाता, आणि भाऊबीजेला तब्बल 3500 खाल्ल्या. म्हणजे जास्तीच्या 1500, म्हणजे फार फार तर 200 ग्रॅम चरबी. रोजची 400 ची तूट परत सुरू केली की चार दिवसांत भरून निघते.

आता दुसरा हिशोब बघा, खरा त्रास इथे आहे. एक मध्यम बेसन लाडू साधारण 180 ते 200 कॅलरी, वाटीभर तळलेला चिवडा जवळपास तेवढाच. पोटभर जेवून वर रोज चहाबरोबर हे दोन, असं तीन आठवडे चाललं तर 8000 च्या आसपास जातं, म्हणजे साधारण किलोभर चरबी, आणि ही खरीखुरी, पाणी नाही. आणि गंमत म्हणजे या तीन आठवड्यांत "मी खूप खाल्लं" असं एकदाही वाटत नाही.

मग आज काय करायचं? पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं. सोमवारपासून नाही, उद्या सकाळपासूनही नाही, जे जेवण आता समोर येणार आहे तेच. दुपारी जास्त झालं असेल तर रात्री भूक लागेल तेव्हा साधं जेवा, नसेल लागली तर ताक नाहीतर मुगाचं कढण एवढंही पुरतं. दुसऱ्या दिवशी मात्र ताट नीट मांडा, एक-दीड ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट मुगाची किंवा मटकीची उसळ, मेथी-चाकवत असली पालेभाजी, मुळ्याची किंवा काकडीची कोशिंबीर, आणि ताक. नॉनव्हेज खात असाल तर बांगडा किंवा चिकन, पण रश्शावर तेलाचा तवंग नको, आणि सकाळी दोन अंडी खाल्लीत तर दुपारपर्यंत डब्याकडे हात जात नाही. प्रोटीन आणि भाज्या पोटात गेल्या की गोडाची ओढ आपोआप कमी होते, दोन-तीन दिवसांत फरक कळतो. पोट साफ होत नसेल तर पेरू, पपई, पालेभाजी वाढवा, इसबगोल घेणार असाल तर पाणी भरपूर प्या नाहीतर उलटा त्रास होतो.

उपाशी राहू नका हे एवढं जोर देऊन का सांगतेय? 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगायच्या निमित्ताने आइस्क्रीम समोर ठेवलं. जी माणसं एरवी खाण्यावर फार बंधनं घालत नाहीत ती मिल्कशेक पिऊन आल्यावर आइस्क्रीम कमी खायची, हे साहजिकच आहे, पोट भरलेलं होतं. पण जी माणसं वजनासाठी सतत मन मारून खातात ती मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खायची, कारण नियम मोडलाच आहे तर आता काय. बंधन जेवढं कडक तेवढं ते मोडल्यावरचं खाणं मोठं. म्हणून शिक्षा म्हणून केलेला उपास रात्री दहाला फराळाच्या डब्यासमोर सुटतो. आणि आपला नेहमीचा उपास तर सोडाच, कार्तिकी एकादशीला साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, पण भगर, दही, फळं असं ठेवा आणि त्याला वजनाचा उपाय समजू नका. गरम पाण्यात मध-लिंबू घालून चरबी वितळत नाही, मध म्हणजे साखरच, आवडतं म्हणून प्यायचं तर प्या.

आता डब्यांचं बघू, कारण माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. दिवाळी पाच दिवसांची असते पण फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत चालतो, काही घरी त्याच्याही पुढे, वर शेजारून, ऑफिसातून, नणंदेकडून आलेली ताटं. आजच सगळे डबे ओट्यावर काढा. ओल्या नारळाच्या करंज्या असतील त्या लगेच संपवायच्या किंवा देऊन टाकायच्या, त्या टिकत नाहीत. चिवडा, शेव वास घेऊन बघा, तेल खवट झालं असेल तर सरळ टाका, अन्न वाया जातं म्हणून खवट तेल पोटात घालण्यात कसला आलाय शहाणपणा. मिठायांचे विकतचे बॉक्स आधी बाहेर काढा, त्यात आपल्या माणसाचा हात नसतो, जीव अडकत नाही. उरलेलं चांगलं असतानाच वाटा, घरी कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन काका, ऑफिसातली एकटी राहणारी मुलं ज्यांना यंदा घरी जाता आलं नाही. शिळं झाल्यावर देऊ नका हो, ताजं असतानाच द्या.

आणि घरी ठेवायचं तेवढं ठेवा की, आईने केलेले अनारसे वर्षातून एकदाच मिळतात ते खाऊ नका असं मी कधीच सांगणार नाही. फक्त पद्धत बदला, दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, बशीत काढून, बसून. एक लाडू किंवा दोन चकल्या किंवा लहान वाटीभर चिवडा, यातलं एक. त्या वेळचा बाकीचा खाऊ, बिस्कीट टोस्ट वगैरे, त्या दिवशी बंद. डब्यात हात घालून उभ्याने खाल्लेलं मोजलं जात नाही, आणि टीव्हीसमोर चिवड्याचा डबा घेऊन बसलं की तळ कधी लागला तेच कळत नाही. मोठा डबा वरच्या फळीवर, आठवड्याचं छोट्या बरणीत खाली, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

भेटायला गेल्यावर आग्रह होतो त्याचं काय? "डाएट चालू आहे" असं म्हटलं की समोरच्याला अजून जोर येतो, "एका लाडवाने काय होतंय" सुरू होतं. त्यापेक्षा "काकू, करंजी फार सुंदर झालीये, पोट भरलंय, एक बांधून द्या ना, उद्या चहाबरोबर खाईन" असं म्हणा, काकू पण खूश आणि तुम्ही पण सुटलात. एका दिवशी तीन घरी जायचं असेल तर फराळ एकाच घरी आणि बाकी ठिकाणी फक्त बिनसाखरेचा चहा, हे घरातून निघतानाच ठरवा, तिथे बसून ठरत नाही.

व्यायामाने खाल्लेलं फेडायला जाऊ नका. एक लाडू उतरवायला साधारण पाऊण ते एक तास चालावं लागतं, मग सहा लाडवांचं काय करणार? पहिल्याच दिवशी 108 सूर्यनमस्कार घालून दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसण्यापेक्षा जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारा, जेवणानंतरची रक्तातली साखर त्याने कमी वाढते, आणि रोजचं जे चालणं होतं ते परत सुरू करा. झोप मात्र भरून काढा, जागरणं झाली की भूक खरंच वाढते आणि तीही नेमकी गोड-तळलेल्याची.

काट्यावर आठवडाभर चढू नका. साधं जेवण सुरू झालं की जास्तीचं पाणी चार-पाच दिवसांत जातं, मग सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी, एकदा बघा आणि तोच आकडा धरून पुढे चला.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर "काल जास्त झालं म्हणून आज जेवत नाही" हे अजिबात करायचं नाही, साखर एकदम खाली जाते, चक्कर येऊन माणूस पडू शकतो. शुगर तपासा, वर राहत असेल तर डॉक्टरांना फोन करा, डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. बीपी असेल तर चिवडा-शेव-लोणचं यांचं मीठ आठवडाभर तरी आवरा. गरोदर बायकांनी तर वजन कमी करण्याचा विचारच आत्ता बाजूला ठेवायचा. आणि जर खाताना हात थांबतच नाही, लपून खाल्लं जातं, नंतर फार अपराधी वाटतं, असं दर आठवड्याला होत असेल, किंवा खाल्लेलं ओकून काढावं, जुलाबाची गोळी घ्यावी असं वाटत असेल, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, नाहीतर टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि तुळशीचं लग्न लागलं की आपली लग्नं सुरू, तेव्हा पत्रिका हातात आली की त्याच दिवसाचा विचार करून ठेवा. लग्नाला जायच्या आधी घरून थोडं दही किंवा उसळ खाऊन निघा, उपाशी जाऊ नका, ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी घ्या, आणि जिलबी, श्रीखंड, गुलाबजाम यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं ते एकच घ्या आणि ते मन लावून खा. रात्री घरी आल्यावर भूक असेल तर ताकभात, नसेल तर नुसतं ताक, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचा डबा भरून ऑफिसला.