दाहातील जनुक अभिव्यक्ती मोजताना : या चुका टाळा

उंदराला एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा घटक) टोचून सहा तासांनी यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेंदू काढले, आरएनए (चालू असलेल्या जनुकांची प्रत) तपासला आणि चारही ठिकाणी शेकडो जनुके वर-खाली झालेली दिसली, की ‘दाहाला अवयवांचा प्रतिसाद’ असे शीर्षक लगेच सुचते. अडचण अशी, की ऊती कुटून मिळालेला आकडा अवयवाचा नसतो. त्या तुकड्यात त्या वेळी हजर असलेल्या सगळ्या पेशींची ती बेरीज असते.

बहुतेकांचा पाय घसरतो तो इथेच. फुप्फुसात एस१००ए८ आणि एस१००ए९ ही जनुके कित्येक पटींनी वाढलेली आढळतात, आणि ‘फुप्फुसाने ही जनुके चालू केली’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात या जनुकांचा आरएनए न्यूट्रोफिलांमध्ये (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये) मुळातच मुबलक असतो, आणि दाहात न्यूट्रोफिल फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत मोठ्या संख्येने अडकतात. म्हणजे फुप्फुसाच्या स्वतःच्या पेशी जशाच्या तशा राहिल्या, तरी आकडा फुगतो. त्याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे : पाहुणे वाढले की घरच्यांचा वाटा घटतो, आणि फुप्फुसाच्या अस्तरातील उपकला पेशींची जनुके दबलेली नसतानाही दबल्यासारखी दिसतात. अशी शंका आली, तर लाय६जी, सीएसएफ३आर यांसारखी न्यूट्रोफिलांची ओळख सांगणारी जनुके त्याच प्रमाणात वाढली आहेत का, ते आधी पाहावे. वाढली असतील, तर ती पेशींच्या आगमनाची खूण समजून ऊतीच्या छेदावर आरएनए कोणत्या पेशीत आहे हे तपासावे. अवयव काढण्यापूर्वी सलाइनने रक्त धुऊन काढणे चांगलेच, पण वाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल त्याने जात नाहीत.

एकपेशीय सिक्वेन्सिंगने (प्रत्येक पेशीचा आरएनए वेगळा वाचण्याच्या पद्धतीने) हा पेच बराच सुटतो. मात्र ३७ अंशांवर विकरांनी (एन्झाइमांनी) ऊतीतील पेशी सुट्या करताना पेशी स्वतःच बिथरतात आणि फॉस, जुन यांसारखी ताणाला चटकन प्रतिसाद देणारी जनुके चालू करतात. मेंदूतील मायक्रोग्लिया (तिथल्या प्रतिकारपेशी) याबाबत विशेष हळव्या आहेत. कंट्रोल गटातही ‘दाह’ दिसू लागला, तर प्राण्यावर नव्हे, ऊती सुटी करण्याच्या पद्धतीवर संशय घ्यावा. थंडीत काम करणारी विकरे किंवा नवा आरएनए बनणे थांबवणारे ॲक्टिनोमायसिन-डी वापरून प्रयोग पुन्हा करून पाहावा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित चूक अन्नाची आहे. आजारी उंदीर खाणे सोडतो, कंट्रोल गटातील उंदीर मात्र रात्रभर खात असतो. त्यामुळे यकृतातील मेदाम्ले जाळणाऱ्या आणि ग्लुकोज तयार करणाऱ्या जनुकांत दिसणारा फरक दाहाचा किती आणि उपासाचा किती, हे नंतर कोणत्याही सांख्यिकीने वेगळे करता येत नाही. स्नायूतील ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही स्नायूंच्या झिजेशी निगडित जनुके तर केवळ उपासानेही वाढतात. उपाय साधा आहे : आजारी गटाने जेवढे खाल्ले तेवढेच अन्न दिलेला आणखी एक कंट्रोल गट ठेवावा.

वेळेचेही तसेच. टीएनएफ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचा आरएनए तास-दोन तासांत शिखर गाठून उतरू लागतो. यकृतातील सीरम अमायलॉइड-ए हे दाहात वाढणारे प्रथिन मात्र आयएल-६ हा दुसरा संदेशवाहक रक्तातून पोहोचून स्टॅट-३ हे जनुके चालू करणारे प्रथिन जागे झाल्यानंतर, काही तासांनी भरात येते. चोवीस तासांनंतरचा एकच नमुना घेऊन ‘टीएनएफ बदलले नाही’ असे म्हणता येणार नाही. शिवाय यकृतातील अनेक जनुके दिवस-रात्रीच्या चक्रावर चालतात. म्हणून दोन्ही गटांचे नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्यावेत.

यकृतात आणखी एक सापळा आहे. सीरम अमायलॉइड-एचा आरएनए इतका साचतो, की सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेल्या एकूण तुकड्यांतला मोठा वाटा तोच खातो. नुसत्या वाट्याने मोजल्यास न बदललेली जनुकेही घटलेली भासतात. त्यामुळे गटांमधील तुलना नुसत्या टीपीएमवर (दर दहा लाख आरएनए-प्रतींमागील वाट्यावर) करू नये. हा असमतोल सावरणारे सामान्यीकरण वापरावे. क्यूपीसीआरमध्ये (निवडक जनुकांचा आरएनए मोजण्याच्या चाचणीत) तुलनेचे स्थिर माप म्हणून एकट्या जीएपीडीएच जनुकावर विसंबू नये, कारण दाहात पेशींचा ग्लुकोज-चयापचय बदलतो आणि हे जनुकही त्याबरोबर हलू शकते. स्वतःच्या ऊतीत स्थिर ठरलेली दोन-तीन संदर्भ जनुके घ्यावीत.

उंदराच्या यकृतात सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) शोधत बसणे व्यर्थ आहे. माणसात ते दाहाचे ठळक चिन्ह असले, तरी उंदरात ते फारसे वाढत नाही. २०१३ मध्ये दाहातील उंदीर आणि माणूस यांच्या जनुक-प्रतिसादांत फारसे साम्य नसल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि २०१५ मध्ये त्याच माहितीच्या फेरविश्लेषणातून नेमका उलटा निष्कर्ष काढण्यात आला. फरक मुख्यतः कोणती जनुके तुलनेसाठी निवडली यात होता. त्यामुळे ही निवड आकडे पाहण्याआधी लिहून ठेवावी.

शेवटी, आरएनए वाढला म्हणजे प्रथिन कामाला लागले, असे धरू नये. आयएल-१-बीटा या दाहाच्या संदेशवाहकाचा आरएनए भरपूर असला, तरी कॅस्पेज-१ या विकराने कापल्याशिवाय त्याचे प्रथिन सहसा कामाचे होत नाही. म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार दाखवणाऱ्या चाचणीत) न कापलेल्या प्रथिनाच्या ३१ किलोडाल्टनच्या ठळक पट्टीवर समाधान मानू नये. कापलेल्या, कार्यक्षम प्रथिनाची १७ किलोडाल्टनची पट्टी आहे का, ते पाहावे.