सव्वा लाखाचा एक रुपया झाला तेव्हा

बँक स्टेटमेंटमधल्या रकमा वाचायला मी आधी एकच लांबलचक रेगेक्स, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र, लिहिला होता. मधे एक कंस वाढवला की पुढच्या सगळ्या गटांचे (कंसांतल्या भागांचे) क्रमांक सरकायचे. म्हणून हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत पार्सेक ही लायब्ररी घेतली. छोटे पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारे तुकडे, लिहायचे, त्यांना नावं द्यायची आणि जोडत जायचं.

आपल्या रकमेची रचना अशी: एक किंवा दोन अंक, स्वल्पविराम, मग 'दोन अंक आणि स्वल्पविराम' हवे तितक्या वेळा, शेवटी तीन अंक. हा पहिला पर्याय. दुसरा, नुसते एक ते तीन अंक.

पहिल्याच ओळीत 250 वर अडलं. पहिल्या पर्यायाने 25 खाल्ले, म्हणजे वाचून पुढे सरकला, पुढे स्वल्पविराम सापडला नाही. पार्सेकमध्ये पर्यायाने काही खाऊन हार मानली तर दुसऱ्याला संधीच मिळत नाही. पहिल्या पर्यायाला 'ट्राय' लावलं, म्हणजे फसला तर खाल्लेलं परत ठेवलं जातं; 250 सुटलं.

पण 1,25,000 चा चक्क 1 झाला, तोही काही तक्रार न करता! हे मला जास्त धोकादायक वाटतं. आतल्या 'मेनी'ने ('हवे तितक्या वेळा' वाचणाऱ्या भागाने) 000 मधले दोन शून्य खाल्ले, स्वल्पविराम न मिळाल्याने तो फसला, बाहेरच्या 'ट्राय'ने सगळं मागे नेलं आणि दुसरा पर्याय 1 घेऊन खूश झाला.

उपाय दोन: 'मेनी'च्या आतल्या तुकड्यालाही 'ट्राय', आणि शेवटी 'ईओएफ', म्हणजे मजकूर उरला तर चूक दिसते. आता 12,50,000 सुद्धा नीट वाचलं जातं.